ताप उतरवू नका

डाळज, तालुका इंदापूर
ता. ९ ऑक्टोबर १९३५

रामहरी,

आधी बहिणीचा आशीर्वाद घे, मग शिव्या खा. तुझं पत्र वाचलं, पुन्यांदा वाचलं आणि चुलीत घातलं. मामंजींच्या हाती लागलं असतं तर म्हाताऱ्यानं तुला परत ह्या घराचा उंबरा चढू दिला नसता. दाजींना बरं करतो म्हणून तू ह्यांना बारामतीला घेऊन गेलास. मला वाटलं, तुझा डॉक्टर बाटलीतलं औषध देईल, डोक्यावर तेल थापील. आणि तू लिहितोस, माकडाचं रगत सुईनं ह्यांच्या अंगात घालायचं, म्हणजे ताप येईल! अरे, तू त्या दवाखान्यात कंपौंडर हायस का गारुडी?

ताप म्हंजे काय ते मला सांगू नकोस. आपल्या कोऱ्हाळ्यात कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, आणि त्याच्या मागनं घरोघरी हिवताप आला. आपली आई त्यातच गेली. लोक ताप जावा म्हणून नवस करतात, आणि तुमी तो मुद्दाम आणणार.

पण गप बसून तरी काय करू? उन्हाळ्यात सासूबाई गेल्या, तवा हे सरणापाशी टाळ्या पिटून हसले. पोटचा पोरगा, आईला आग दिली आणि हसला. तवापासनं गावात ह्यांची सावली कुणाला नको. लेक जवळ गेली, आपली नकोशी, तर "ही कुणाची पोर?" म्हणून ढकलून देतात. पाटील म्हणतात, वेड्यांच्या इस्पितळात घाला. तिकडून परत आलेला माणूस मी तरी बघितला न्हाय. राखेत बोट फिरवून ह्यांनीच मला अक्षरं शिकवली. आता माझं नाव इचारलं तर माझ्याच तोंडाकडं बघत राहतात.

तुझ्या डॉक्टरला इचार, ताप आणून डोकं ठिकाणावर कसं येतं? आणि आलेला ताप जातो कसा? मला समजंल असं लिही. इंग्रजी झाडू नकोस.

द्वारका

*

बारामती
ता. १४ ऑक्टोबर १९३५

आक्का,

नमस्कार. शिव्या पोचल्या, पोटभर झाल्या.

दाजींच्या मेंदूत शिरलेला रोग आजचा नाही. मुंबईला गिरणीत होते त्या वेळचा आहे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. त्या रोगाला जबर उष्णता सोसत नाही. म्हणून परदेशात अशा रोग्यांना हिवताप आणतात, तो रोजच्या रोज चढू देतात आणि पुरेसा झाला की कोयनेल देऊन उतरवतात. काही जण शुद्धीवर येतात. सगळे येत नाहीत. काही जण तापातच जातात. हे लपवत नाही, मागाहून मला बोल लावू नकोस.

मग माकडाचाच ताप का? आपला नेहमीचा एकांतरा, दिवसाआड येणारा हिवताप, डॉक्टरांनी आधी घालून पाहिला, पण तो दाजींच्या अंगात धरेना. कालव्याच्या कामावर असताना तो इतक्या वेळा येऊन गेलाय की अंग त्याला सरावलंय. माकडाच्या तापाचा जंतू वेगळा, अंगाला अनोळखी. हा ताप दिवसाआड येत नाही, रोज येतो. तो माणसालाही होतो हे कलकत्त्याला तीन-चार वर्षांपूर्वी दाखवून दिलं गेलं. आमचे डॉक्टर सोवनी तिथंच शिकले आणि येताना एक माकड घेऊन आले. समुद्रापलीकडचं, लांब शेपटीचं. त्याच्या रक्तात हा जंतू आहे आणि ते खुशाल केळी सोलत बसतं. आपल्याकडच्या लालतोंड्या माकडाला मात्र तोच जंतू हमखास मारतो. माणसाचं या दोन्हींच्या मधे कुठंतरी.

खरं सांगू? मला भीती वाटते. डॉक्टर भले आहेत, पण त्यांना घाई झालीय. माकडाच्या पिंजऱ्याकडं पाहताना त्यांची जी नजर असते, तीच मला ते दाजींकडं पाहतात तेव्हा दिसते. तुझा होकार आल्याशिवाय सुई उचलायची नाही, असं त्यांना बजावलंय.

रामहरी

*

डाळज
ता. १८ ऑक्टोबर १९३५

रामहरी,

मुंबईच्या त्या बायांचं असं अडखळत लिहायची गरज नव्हती. ते मला लगीन झाल्यावर थोड्याच दिसांत कळलं होतं. तवा भांडले, माहेरी येऊन बसले, ते तुला आठवत आसंल. मग परत गेले, कारण माणूस चांगला होता. आता तो माणूस मला परत पायजे. घाल सुई.

एकच अट हाय. मामंजींना माकडाचं कळता कामा नये. तुला त्यांचं ठावं हाय. दर शनिवारी मारुतीला तेल-शेंदूर झाल्याबिगर पाणी पीत न्हाईत. पारावर बसून माकडांना फुटाणे घालतात, एक म्हातारं माकड तर त्यांच्या धोतराच्या सोग्यातनं फुटाणे काढून घेतं. गेल्या साली एक पिल्लू विहिरीत पडून मेलं. त्याला तिरडी बांधली, गुलाल टाकला, भजन म्हणत नेलं आणि मामंजींनी स्वतःचं डोकं भादरून घेतलं. अशा माणसाला मी काय तोंडानं सांगू, की तुमच्या देवाच्या लेकराला सुया टोचून त्याचं रगत काढतात? त्यांना म्हटलंय, ताकदीच्या सुया देतात. तूही तेच सांग.

पाय धरते, ह्यांच्यापासनं हलू नकोस.

द्वारका

*

बारामती
ता. ६ नोव्हेंबर १९३५

आक्का,

दिवाळी कशी झाली विचारत नाही. इथं काय चाललंय तेच सांगतो, आणि ते धड नाही.

सुई दिली. थोड्या दिवसांनी दाजींना सडकून हुडहुडी भरली, अंग भट्टीसारखं तापलं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा. डॉक्टर आनंदानं मांडीवर थाप मारून घेत होते. आणि मग एकाएकी ताप गायब! सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहिलं तर जंतू औषधाला नाही. पुन्हा सुई दिली. पुन्हा ताप धरला आणि पुन्हा तसाच पळाला. असं कुठं लिहिलेलं नाही, कुणी पाहिलेलं नाही, असं डॉक्टर म्हणतात. चिडलेत. दाजींचं रक्तच विचित्र आहे म्हणतात, आणखी एकदा पाहू, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळाची चिठ्ठी लिहून देतो म्हणाले.

तुझे मामंजी, आबा, येऊन जातात तेवढाच दिलासा. पोराचे पाय चेपतात, तोंड पुसतात. माकड मागच्या लाकडाच्या खोलीत ठेवलंय. तिकडं साप निघाला होता असं आबांना सांगितलंय, म्हणून ते फिरकत नाहीत. खोटं बोलताना जीभ जड होते गं.

रामहरी

*

डाळज
ता. ११ नोव्हेंबर १९३५

रामहरी,

इस्पितळाचं वाचलं आणि हातातलं पीठ तसंच टाकून बसले. डॉक्टरला म्हणावं, एकदा न्हाय, लागंल तितक्यांदा करा. ज्याच्या नशिबात कायम ताप, त्याला हवा तवा ताप येईना! काय थट्टा म्हणायची ही?

घरात एकटे मामंजी तेवढे खुशीत हायत. परवा बारामतीहून आले ते गाणं गुणगुणतच. म्हणाले, "सुनबाई, सावळारामला कसली हुडहुडी भरली होती! दातावर दात. मी माझ्या हातचा गूळ चारला, दुसऱ्या दिशी पोरगं गारेगार. मागल्या बारीलाबी असंच झालं. डॉक्टरला जमंना, ते बापाला जमलं." मी हूं म्हटलं. म्हाताऱ्याला वाटतंय गुळानं ताप उतरतो. वाटू दे बापडं, त्यांना तरी झोप लागते. पुढल्या बाजाराला परत यायचं म्हणतात.

नकोशी रोज इचारती, बा कधी यायचा? मी सांगते, ताप आला की येतील.

द्वारका

*

बारामती
ता. १४ नोव्हेंबर १९३५

आक्का,

तो गूळ! अगं, तो नुसता गूळ नव्हता.

तुझं पत्र वाचलं आणि दाजींची गादी उलटली. खाली टपालात मिळणाऱ्या कोयनेलच्या पुड्यांचे कागद. आबा भिगवणच्या टपालातून पुड्या घेऊन यायचे, गुळात घोळवून पोराला भरवायचे. हिवाची हुडहुडी दिसली की कोयनेल द्यायचं, हे आपल्या कालव्याकाठी कुणाला सांगावं लागतं? त्यांनी बापाचं काम केलं. आपणच त्यांना अंधारात ठेवलं आणि ते आपला सगळा डाव विझवत बसले. डॉक्टरांना सांगितलं. ते आधी ओरडले, मग हसले, मग पिंजऱ्यापाशी जाऊन बसले.

कारण आता खरं संकट आहे. ते परदेशी माकड थंडीनं आजारी पडलंय, छाती भरलीय. चार दिवस काढील की नाही सांगता येत नाही. ते मेलं की जंतू संपला, दुसरा आणायचा तर कलकत्ता. दाजींना आत्ता सुई देऊन उपयोग नाही, रक्तात कोयनेल आहे. ते निघून जाईपर्यंत जंतू दुसऱ्या जित्या माकडात सांभाळावा लागेल. म्हणजे आपल्याकडच्या लालतोंड्यात. ते माकड त्यानं मरणार, आक्का. यात आडपडदा नाही.

इथं माकड धरून द्यायला कुणी तयार नाही. पाप कोण घेईल? माणसाच्या हातून खाणारं, ओढाताण न करता येणारं माकड मला एकच ठाऊक आहे. तुलाही ठाऊक आहे.

सांग त्यांना. आता सगळंच सांग. मी लिहिलं असतं, पण ही गोष्ट पत्रात मागायची नाही.

रामहरी

*

डाळज
ता. १७ नोव्हेंबर १९३५

रामहरी,

हे पत्र मामंजींच्याच हातून पाठवते.

तुझं पत्र काल शनिवारी आलं. मामंजी मारुतीवरून आले, हाताला शेंदूर तसाच होता. मी भाकरी वाढली न्हाय. समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. सुई सांगितली, माकड सांगितलं, त्यांच्या कोयनेलनं काय झालं तेही सांगितलं. बोलताना त्यांच्याकडं बघायची ताकद न्हवती, मी आपली चुलीकडं बघून बोलत राहिले.

हाताचा शेंदूर त्यांनी धोतराला पुसला. मग म्हणाले, "म्हंजे पोराचं आवशीद मीच काढून घेत हुतो?"

मी म्हटलं, "तुमचा काय दोष? आमी सांगितलं न्हाय."

तर असे उखडले म्हणतोस! "का न्हाय सांगितलं? मी काय परका हाय? माकडाचं रगत म्हणून मी भांडलो असतो, दोन दिस जेवलो नसतो. पण बाप हाय मी! भांडून झाल्यावर तरी कळलं असतं का न्हाय मला?" मी पदर तोंडाशी धरून रडले. त्यांनी रडू दिलं.

मग मी उरलेलं सांगितलं. जितं माकड पायजे. लालतोंड्या. आणि ते मरंल.

रामहरी, देवाशपथ सांगते, माझ्या तोंडातनं ते शबूद निघाले आणि मला वाटलं, भुई फाटावी. मामंजी उठले. भाकरी न खाताच परत पारावर गेले. मी मागनं गेले, लांब उभी राहिले. म्हातारा मारुतीपुढं उभा राहून मोठ्यानं बोलत होता, शेजाऱ्याशी बोलावं तसं. "लक्षुमण पडला तवा तू अख्खा डोंगर उचलून आणलास. कुणाला इचारलं न्हाईस. आता माझा पोरगा पडलाय. मी तुझं एक लेकरू नेतोय. राग आला तर माझ्यावर काढ, त्याच्यावर नको."

मग सोगा पसरून बसले. ते म्हातारं माकड आलं, नेहमीसारखे फुटाणे खाल्ले आणि त्यांच्या मांडीवर बसून राहिलं. त्याला पळून जायचं सुचलं न्हाय.

आज पाटीत घालून, वर माझं जुनं लुगडं झाकून आणतायत. त्यांना काही इचारू नकोस. जेवण घाल.

द्वारका

*

बारामती
ता. ५ डिसेंबर १९३५

आक्का,

आबा आले त्याच्या दुसऱ्या दिवशी परदेशी माकड मेलं. पण त्याआधी त्याचं रक्त आपल्या म्हाताऱ्याला देऊन झालं होतं. मी त्याला म्हातारा म्हणतो, दुसरं काय म्हणणार? आठवडाभरात तो आजारी पडला. आबा पिंजऱ्याजवळ बसून राहायचे, हातानं पाणी पाजायचे. डॉक्टर रक्त काढायला आले तेव्हा आबांनीच त्याला धरला. मला म्हणाले, "तुझ्याकडनं धरवायचा न्हाय, तुला तो वळखत न्हाय."

त्याचं रक्त दाजींना दिलं आणि दोन दिवसांनी तो गेला. डॉक्टर पोट चिरून आत काय झालं ते पाहणार होते, त्यांच्या कामाचं होतं. आबा दारात आडवे उभे राहिले. "रगत दिलं, जीव दिला, आता मढं माझं." डॉक्टर बाजूला झाले. कऱ्हा नदीकाठी खड्डा घेतला, गुलाल आणला. भजनाला कुणी नव्हतं, मी आणि आबा दोघांनीच म्हटलं. आबांनी डोकं भादरून घेतलं. मिशासुद्धा. माणसासाठी करतात तसं.

आता दाजींचं. ताप धरलाय आणि या वेळी सुटत नाही. रोज चढतो, कालच्यापेक्षा आज जास्त. शुद्ध नसते. काल बडबडत होते, "पाणी सोडा, कालव्याची चारी फुटली." आबा उशाशी बसतात आणि हात मांडीखाली दाबून ठेवतात. मी विचारलं, असं का? म्हणाले, "हात मोकळे राहिले तर पुडीकडं जातील."

जंतू फार झपाट्यानं वाढतोय. डॉक्टरांचा चेहरा उतरलाय. आणखी थोडं, आणखी थोडं असं म्हणतात, पण पूर्वीचा हुरूप नाही. आक्का, मारुतीला तेल घाल.

रामहरी

*

डाळज
ता. १२ डिसेंबर १९३५

रामहरी,

पत्र का न्हाय? बरं असो वाईट असो, लिही. टपालवाला वाट सोडून दुसऱ्या घराकडं वळला की मी उंबऱ्यातच बसते. मामंजी न्हाईत म्हणून मारुतीला तेल मीच घालते, बाईमाणसानं घालू नये म्हणतात, म्हणू दे. पारावरची बाकीची माकडं माझ्या हातनं खात न्हाईत. लांब बसून बघतात.

एक ओळ लिही. मेले तरी लिही.

द्वारका

*

बारामती
ता. १४ डिसेंबर १९३५

आक्का,

जिवंत आहेत. आधी हे वाच, मग बाकीचं.

न लिहिण्याचं कारण, लिहावं असं काही नव्हतं. एके दुपारी नाडी लागेना. डॉक्टर घाबरे झाले, म्हणाले, "बस, आता द्या कोयनेल." मी पेला घ्यायला धावलो तर आबांनी माझा हात धरला. कंबरेची गाठ सोडली. आत पुडी आणि गुळाचा खडा. इतके दिवस जवळ बाळगून बसले होते, एकदाही गाठ सोडली नव्हती. म्हणाले, "आता मी दिऊ का?" आणि डॉक्टर सोवनींनी, त्या तापट माणसानं, वाकून सांगितलं, "द्या, आबा."

ताप उतरला. पण दाजी नुसते पडून आहेत. बोलत नाहीत, हसतही नाहीत. शुद्धीवर येतील का, आणि आले तर पूर्वीचे दाजी येतील का, कळायला दिवस लागतील. हरभऱ्याकडं बघायला माणूस नाही म्हणून आबांना बळेच घरी पाठवतोय. त्यांना धीर दे. तुला कोण देणार ते मला माहीत नाही.

रामहरी

*

बारामती
ता. ६ जानेवारी १९३६

द्वारके,

रामहरीकडून कागद मागून घेतला. हात कापतो, अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं आलंय, हसू नकोस. तुझंच अक्षर माझ्यापेक्षा बरं म्हणशील.

मी फार दिवस आजारी होतो म्हणतात. मला फार थोडं आठवतं. कालव्यावर काम करत होतो ते आठवतं, तिथून पुढं सगळं गढूळ पाणी. रामहरी म्हणतो एका माकडानं मला वाचवलं. मला वाटलं चेष्टा करतोय, पण तो रडत होता. घरी आलो की नीट सांग.

नकोशीच्या हातातली वाळी घट्ट होत होती. काढली का? मनगटाला रुतेल. हरणी गाय व्याली का? आबांना म्हणावं, पारावर थंडीचं बसू नका.

भूक लागते. इथलं जेवण पातळ. आईला सांग, संक्रांतीपर्यंत येतो, तिळाच्या पोळ्या ठेव. तिचा गुडघा थंडीत धरतो, निर्गुडीचा पाला शेकायला दे. ती सांगणार नाही, तूच विचार.

सावळाराम

*

डाळज
ता. ९ जानेवारी १९३६

रामहरी,

ह्यांचं पत्र आलं. अक्षर बघूनच मी अंगणात बसले. माझं नाव लिहिलंय. नकोशीची वाळी आठवली ह्यांना! ती वाळी केव्हाच काढली, पण पोरीनं परत हातात घालून बघितली, बा इचारतोय म्हणून. मी वाचत गेले आणि हसत गेले आणि शेवटी आईचं आलं.

पत्राच्या पाठीवर तू लिहिलंस, "काय सांगू?" मलाही कळंना. मी मामंजींना म्हटलं, आत्ताच नको, अंगात जरा बळ येऊ दे. तवर सासूबाई माहेरी गेल्यात म्हणून कळवू.

म्हाताऱ्यानं डोक्यावरनं हात फिरवला. डोक्यावर नुसती खुंटं उगवलीत. म्हणाला, "सुनबाई, परत? एकदा लपवलंत तवा मी माझ्याच पोराचं आवशीद काढून घेत बसलो. आता त्याची आई लपवणार? बापानं सांगायचं अस्तंय हे. मी सांगतो."

मी म्हटलं, सोसंल का त्यांना?

"एवढा ताप सोसला त्यानं. आईला आग दिली तवा तो तिथं न्हवता, दुसराच कुणीतरी हसत हुता. आता त्यो आलाय. त्याला त्याच्या आईसाठी रडू दे."

मामंजी उद्याच्या गाडीनं येतायत, हे पत्र त्यांच्याजवळच देते. बरोबर सासूबाईंची गोधडी हाय. वस्तारा हाय. कऱ्हेवर नेऊन ह्यांचं डोकं भादरायचं, आईचं म्हणून. जमलं तर त्या म्हाताऱ्या माकडाच्या खड्ड्यावरही पाणी घालायला ने.

ते सांगत असताना तू खोलीत थांबू नकोस, दार ओढून घे. आणि ह्यांचा मोठ्यानं आवाज आला, तर डॉक्टरला बोलवायला धावू नकोस. रडू दे त्यांना.

पोळ्या मी ठेवते.

द्वारका